घारापुरीचे तुटलेले हात



गेल्या पावसाळ्यात मी अंगणातल्या शेवाळावरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे. सहा आठवडे प्लास्टर होतं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण हात पहिल्यासारखा झाला नाही. मूठ पुरती वळत नाही, मनगट जरा वाकडं दिसतं. भाकरी थापायची तर ती सूनबाईच थापते. देवळात हात जोडले की दोन तळवे नीट जुळत नाहीत, मध्ये फट राहते. तेव्हापासून एक सवय लागली. चारचौघांत बसले की उजवा हात पदराखाली घ्यायचा. मुद्दाम नाही, आपोआपच जातो.

आमची नात आठवीत आहे. सरकारी इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसणार आहे. तिची वही मी एकदा चाळली आणि हसूच आलं. वहीतली सगळी माणसं हात पाठीमागे घेऊन उभी! नाहीतर खिशात, नाहीतर झाडाआड. मी विचारलं, "ही सगळी काय शिक्षा झाल्यासारखी उभी आहेत?" ती म्हणाली, "आजी, हात जमतच नाहीत. बोटं काढली की केळ्यांचा घड होतो."

म्हणजे एकाच घरात दोघीजणी हात लपवत होतो. ती कागदावर, मी पदराखाली.

तिच्या चित्रकलेच्या बाईंनी सांगितलं, दिवाळीच्या सुट्टीत घारापुरीला जा आणि फक्त हात बघून या. घारापुरी म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यातलं, उरण तालुक्यातलं बेट. पण आपण अलिबागकर तिथे मुंबईमार्गेच जातो. मांडव्याहून गेटवे, गेटवेहून पुन्हा लाँच. सोमवारी लेणी बंद असतात म्हणून आम्ही मंगळवारी निघालो. मेथीचे पराठे आणि दही बरोबर घेतलं आणि दिवस मावळायच्या आत घरी पोचायचं असं ठरवलं. (डबा पिशवीत घट्ट बांधून ठेवा बरं का, तिथली माकडं फार धीट आहेत.)

मी बी.कॉम. झालेली बाई, चित्रकलेतलं मला काय कळतंय? पण एकदा एखादी गोष्ट डोक्यात घेतली की हिशेब लागेपर्यंत मी सोडत नाही. जाण्याआधी आणि आल्यानंतर बरंच वाचलं. त्यातलं जे नीट समजलं, ते आज तुम्हाला सांगते.

घारापुरीची मोठी लेणी सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास कोरलेली मानतात. शंकराची लेणी आहेत. आत गेलं की अंधाराला डोळे सरावायला वेळ लागतो. मग एकेक भव्य मूर्ती दिसू लागते, आणि लगेच लक्षात येतं की इथे जवळजवळ कुणाचेच हात धड नाहीत. नटराजाचे बरेच हात कोपरापासून गेलेले. कैलास हलवणाऱ्या रावणाला वीस हात असायला हवेत, त्यातले थोडेच ओळखू येतात. मधल्या प्रचंड त्रिमुखी मूर्तीच्या एका हातात महाळुंग आहे, दुसरा हात तुटलेला. आणि शिवपार्वतीच्या लग्नाचा देखावा आहे, ज्याला कल्याणसुंदर म्हणतात, तिथे पाणिग्रहणाचा क्षण कोरलाय. पाणिग्रहण म्हणजे हात हातात घेणं. पण नेमके हातच भग्न झालेत!

नात हिरमुसली. "बाईंनी हात बघायला पाठवलं आणि इथे हातच नाहीत."

हे हात कुणी तोडले? १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, त्यात हे बेटही गेलं. त्यांच्या सैनिकांनी मूर्तींवर बंदुका चालवल्या असं पूर्वापार सांगतात. पण सगळा दोष एकाच्याच खात्यावर टाकून चालत नाही. डोंगरातून झिरपणारं पाणी शेकडो वर्षं दगड पोखरत होतं. नंतरच्या काळात गावातली गुरं आत बांधली जात. आणि आठवण म्हणून तुकडे फोडून नेणारे हौशी प्रवासी तर कितीतरी होऊन गेले. शिल्पात पहिल्यांदा तुटतो तो हातच, कारण तो अंगापासून सुटा, पुढे आलेला असतो. आपलंही तसंच आहे. पडताना आपण हातच पुढे करतो, म्हणून मनगट मोडतं.

पण ज्यांनी तोडलं त्यांच्याच मागोमाग चित्र काढणारेही आले, आणि त्यांची हकिगत मला फार आवडली.

१७६१ मध्ये डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानाचा अभ्यास करायला एक तुकडी पाठवली होती. पाच विद्वान आणि एक नोकर, अशी सहा माणसं. त्यात बाउरेनफाइंड नावाचा खास चित्रकार होता. वाटेत एकेक जण तापाने गेला. चित्रकार तर मुंबईला येणाऱ्या जहाजावरच वारला. मुंबईत पोचल्यावर आणखी एक गेला. उरला फक्त कार्स्टन नीबुर. तो चित्रकार नव्हता, जमिनीची मोजणी करणारा होता. १७६४ मध्ये तो घारापुरीला पुन्हा पुन्हा गेला, मोजमापं घेतली आणि स्वतःच चित्रं काढली. पुढे त्याच्या प्रवासवर्णनात ती छापली गेली आणि घारापुरीची लेणी नीट मोजूनमापून युरोपापुढे आली. जे काम दुसऱ्याचं होतं, ते त्याच्या माघारी याने उचललं. घरातल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरा जेम्स फोर्ब्स. ईस्ट इंडिया कंपनीचा कारकून, १७६५ मध्ये अगदी कोवळ्या वयात इथे यायला निघाला. दिवसा खतावण्या लिहायच्या आणि उरलेल्या वेळात झाडं, पक्षी, माणसं, लेणी चितारायची. १८१३ मध्ये त्याच्या आठवणींचे चार मोठे ग्रंथ निघाले. कारकुनाने चित्रं काढली हे वाचून माझ्यासारख्या कॉमर्सवालीला जरा बरं वाटलं.

आणि तिसरा आपला मराठी माणूस, गंगाराम तांबट. पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांच्या काळी चार्ल्स मॅलेट हा इंग्रज वकील होता. त्याच्या पुढाकाराने पुण्यात चित्रकलेची शाळा निघाली, त्यात जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार शिकवायचा. गंगाराम तिथलाच. त्याने मॅलेटसाठी वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढली. १७९० च्या आसपास एक मराठी माणूस हातात पेन्सिल घेऊन कोरीव मूर्तींसमोर बसतो, ही गोष्ट आपल्याला शाळेच्या इतिहासात कुणी सांगितली नव्हती. त्याच वेरूळला आपली जैन लेणीही आहेत, वेलींनी वेढलेले बाहुबली आहेत. तुमच्यापैकी कितीतरी जणी तिथे दर्शनाला जाऊन आल्या असतील.

परत घारापुरीकडे येते. नात लग्नाच्या देखाव्यासमोर बसली आणि काढू लागली. मी म्हटलं, "तुटलेले हात तू पुरे कर. बिचारीचं लग्न लागतंय." तिने दोनदा प्रयत्न केला, दोनदा खोडलं. केळ्यांचा घड! मग वैतागून तिने हात सोडून दिले आणि नुसती पार्वती काढली. मान किंचित झुकलेली, एक खांदा खाली आलेला, अंग थोडं लाजून वळलेलं.

आणि काय सांगू, त्या चित्रात हात दिसायला लागला! नसलेला हात. खांदा ज्या तऱ्हेने पुढे आलाय त्यावरूनच कळत होतं की हात कुणाच्या तरी हातात दिलेला आहे.

सुट्टी संपल्यावर बाईंनी तेच सांगितलं. हात मनगटापासून सुरू होत नाही, खांद्यापासून होतो. मुलं बोटांपासून सुरुवात करतात, म्हणून फसतात. आधी खांद्याची रेघ, मग कोपर कुठे येतं ते, मग मनगटाचा बाक, मग तळव्याची चौकट आणि सगळ्यात शेवटी बोटं. तीही सुटी सुटी नाही, आधी एकत्र, मोजा घातल्यासारखी. अंगठा तेवढा वेगळा, कारण तो वेगळाच चालतो. आणि मापाचं म्हणाल तर आपला तळवा चेहऱ्यावर ठेवून बघा, हनुवटीपासून कपाळापर्यंत जातो. आपल्या जुन्या शिल्पशास्त्रात हेच माप आहे. तळव्याची लांबी म्हणजे एक ताल, म्हणजेच बारा अंगुळं, आणि चेहराही तेवढाच. मूर्ती नवताल म्हणजे नऊ चेहऱ्यांची. मुलं हात नेहमी लहान काढतात, कारण आपला हात केवढा मोठा आहे याची त्यांना कल्पनाच नसते. खरं तर आपल्यालाही नसते.

लेण्याच्या उत्तरेकडच्या दाराशी योगीश्वराची मूर्ती आहे. पद्मासनात बसलेली, दोन्ही हात तुटलेले. मी तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिले. हात नाहीत, तरी मूर्ती शांत आहे. खांदे सैल आहेत, ताठलेले नाहीत. आपल्या पद्मासनस्थ तीर्थंकरांचे हात मांडीवर एकावर एक ठेवलेले असतात, त्यांची मला आठवण झाली. मी उभी राहिले तेव्हा माझा उजवा खांदा वर उचललेला होता, हात लपवण्याच्या सवयीने. तो मी हळूच खाली सोडला.

मैत्रिणींनो, आपल्या धर्मात हातांना किती जागा आहे याचा मी घरी येऊन हिशेब मांडला.

पहिलं म्हणजे खड्गासन, कायोत्सर्ग. उभी मूर्ती, दोन्ही बाहू सरळ खाली सोडलेले. ना शस्त्र, ना फूल, ना आशीर्वादाची मुद्रा. तो हात काही मागत नाही, देत नाही, धरत नाही. आणि तो साधारण माणसापेक्षा लांब असतो. आपले हात सोडले तर बोटं मांडीच्या मध्यापर्यंत येतात, पण जिनमूर्तीचे बाहू गुडघ्यांपर्यंत पोचतात. वराहमिहिराने सहाव्या शतकात 'बृहत्संहिता' लिहिली, त्यात अर्हतांच्या मूर्तीची लक्षणं दिली आहेत. गुडघ्यांपर्यंत पोचणारे बाहू हे त्यातलं एक. म्हणजे इकडे घारापुरीत अनेक हातांचे देव कोरले जात होते, त्याच शतकात दोन रिकाम्या, लांब हातांचं हे लक्षण ग्रंथात लिहिलं गेलं. एकाचे हात सगळं जग चालवतात, दुसऱ्याने सगळं सोडून दिलंय. दोन्ही गोष्टी सांगायला शिल्पकाराने हातच वापरले.

दुसरे बाहुबली. नावातच बाहू! भरत आणि बाहुबलींचं युद्ध आपण लहानपणापासून ऐकतो. दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मग मल्लयुद्ध. आपल्या दिगंबर परंपरेत सांगतात की बाहुबलींनी भरताला दोन्ही हातांनी उचललं, पण जमिनीवर आपटलं नाही, मोठा भाऊ म्हणून मान राखला. श्वेतांबर परंपरेत सांगतात की मारायला मूठ उगारली आणि ती उगारलेली मूठ भावावर न आणता त्याच हाताने केशलोच केला. कथा दोन, पण दोन्हींचा कळीचा क्षण हवेतल्या हाताचा आहे. उचललेला हात खाली कसा आणायचा, हाच प्रश्न. आणि मग तेच हात इतके स्थिर झाले की त्यांच्यावर वेली चढल्या.

श्रवणबेळगोळचे बाहुबली चामुंडरायाने इ.स. ९८१ च्या सुमारास उभारले. ५७ फूट उंच, आणि पायाशी मराठीतला कोरीव लेख, जो मराठीच्या अगदी जुन्या लेखांपैकी एक मानतात. दुसरा तसाच जुना मराठी लेख कुठला? तर आपल्या अलिबागजवळच्या आक्षीचा, शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ चा! माझं माहेर हातकणंगल्याकडचं. कुंभोजची २८ फुटी बाहुबलींची मूर्ती १९६३ मध्ये उभी राहिली, तेव्हा मी अगदी लहान होते. मोठी झाल्यावर आम्ही मुली पायथ्याशी उभ्या राहून वर बघायचो. तिथून चेहऱ्याआधी डोळ्यांत भरतात ते हातच.

तिसरं आहारदान. मुनिमहाराज भांडं वापरत नाहीत, उभे राहून ओंजळीत आहार घेतात. भगवान ऋषभदेवांना राजा श्रेयांसाने उसाचा रस दिला तोही ओंजळीतच, आणि तो दिवस आपण अक्षय्यतृतीया म्हणून पाळतो. आपल्या किनाऱ्यावर जैनांची घरं थोडी, त्यामुळे महाराजांचा योग क्वचित येतो. पण माहेरी पडगाहनाला आई हात जोडून दारात उभी राहायची, ते हात मला अजून दिसतात. चेहरा आठवायला फोटो बघावा लागतो. हात आठवायला लागत नाहीत.

आता आपल्या रायगड किनाऱ्यावरची एक गोष्ट सांगून संपवते. मांडव्याहून अलिबागकडे येताना सासवणे लागतं. तिथले विनायक पांडुरंग करमरकर, जन्म १८९१. लहानपणी त्यांनी गावातल्या देवळाच्या भिंतीवर घोड्यावर बसलेल्या शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता (रायगड हे नाव १९८१ मध्ये आलं) आणि ऑटो रॉथफील्ड नावाचे कलेक्टर होते. त्यांनी ते चित्र बघितलं आणि मुलाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवायची व्यवस्था केली. पुढे हाच मुलगा मोठा शिल्पकार झाला. पुण्याचा १९२८ मधला अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा त्यांचाच. १९६२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सासवण्याला त्यांच्या घरीच शिल्पालय आहे. देव आणि राजे यांच्याबरोबर कोळी मुलगी, कष्टकरी माणसं असे आपल्या ओळखीचे चेहरे आणि आपल्या ओळखीचे हात तिथे बघायला मिळतात.

याच रॉथफील्डसाहेबांनी १९२० च्या सुमारास भारतातल्या स्त्रियांवर एक पुस्तक लिहिलं. त्यातली चित्रं रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधरांनी काढली. धुरंधर मूळ कोल्हापूरचे, जन्म १८६७, जे. जे. मध्ये विद्यार्थी म्हणून गेले आणि पुढे तिथेच अनेक वर्षं शिकवलं. त्यांच्या चित्रांतल्या बायकांचे हात बघा. कुणी पदर सावरतेय, कुणी भांडं धरलंय, कुणी मूल. रिकामा हात शोधावा लागतो. पण त्या बायका कोण होत्या, चित्रासाठी कोण उभी राहिली, त्यांची नावं चित्राखाली नाहीत. जातीचं, प्रांताचं नाव आहे. हात काढले गेले आणि हातवाली निनावी राहिली. पुढे धुरंधरांच्याच कन्या अंबिका याच शाळेतून चित्रकलेची पदविका घेऊन बाहेर पडल्या. तसं शिकलेल्या सुरुवातीच्या स्त्रियांपैकी त्या एक. चितारली जाणारी बाई चितारणारी झाली.

म्हणून नातीने जेव्हा विचारलं, "आजी, परीक्षेच्या सरावाला तुझे हात काढू?" तेव्हा आधी माझ्या तोंडून निघालं, "डावा काढ." ती म्हणाली, "दोन्ही. मांडीवर ठेव." मी उजवा हात नेहमीसारखा पदराखाली सरकवला. तिने काही न बोलता पदर बाजूला केला.

वीस मिनिटं हलायचं नव्हतं. मनात णमोकार म्हणत बसले. घारापुरीला मी तिला तुटलेले हात पुरे करायला सांगत होते, आणि आता मनात येत होतं, की हिने माझं मनगट सरळ काढलं तर? बरं वाटेल की वाईट? खरं सांगते, आधी वाटलं बरं वाटेल.

तिने वाकडंच काढलं. मूठ पुरती मिटलेली नाही, तशीच. शिरा उठलेल्या, बांगडी जरा वर चढलेली, अंगठ्याजवळची भाकरीच्या तव्याची जुनी भाजल्याची खूण सुद्धा. बोटं केळ्यांचा घड नव्हती. आमचे हे चित्र बघून म्हणाले, "ही तूच." चित्रात चेहरा नव्हता. मी नातीला सांगितलं, खाली नाव लिही. 'आजीचे हात' नको, माझं नाव लिही. तिने लिहिलं.

तुमच्या घरी कुणी मूल चित्र काढत असेल तर त्याला सासूबाईंसमोर बसवा, आईसमोर बसवा. जप करताना, तांदूळ निवडताना, नुसते मांडीवर ठेवलेले हात काढू द्या. खांद्यापासून सुरुवात करायला सांगा. चुकलं तर चुकू द्या, पण असलेलं वाकडेपण सरळ करायला सांगू नका. आणि खाली ज्यांचे हात आहेत त्यांचं नाव आणि तारीख घाला.

परवा देवळात मी हात जोडले. मध्ये फट राहिलीच. राहू दे.

जय जिनेंद्र.